दोन डगरींवर हात



एकाच वेळी दोन पेशे सांभाळण्यात लाभ आहे काय, असा विषय आम्हांला देण्यात आला, तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने हसून विचारले, "तुम्ही कामगार चळवळीतली माणसे. आठ तासांच्या दिवसासाठी लाठ्या खाल्ल्यात. आता माणसाने दोन-दोन कामे करावीत म्हणून व्याख्यान देणार काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिळावे म्हणूनच हा विषय आम्ही स्वीकारला.

आपल्याकडे अशा माणसाविषयी फारसे चांगले बोलत नाहीत. दोन डगरींवर हात ठेवणारा म्हणजे बेभरवशाचा, हे लहानपणापासून आपण ऐकतो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण तर प्रत्येक बापाने मुलाला ऐकविलेली असते. यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास उघडला, तर ज्यांनी आपल्या समाजाला वळण लावले त्यांपैकी कितीतरी माणसांचे हात दोन डगरींवर होते असे दिसते. एका कामावर त्यांचे पोट चालले आणि दुसऱ्या कामाने त्यांचे नाव राहिले. या दोन कामांचे एकमेकांशी नाते काय होते, ते आज आपण पाहू.

प्रारंभ जोतीराव फुल्यांपासून करू. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांचा चरितार्थ कशावर चालत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जोतीराव बांधकामांची कंत्राटे घेत, बांधकामाला लागणारा माल पुरवीत आणि मळा करीत. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी शिक्षणाविषयी निवेदन दिले. त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली आहे. समाजसुधारक हा शब्द तेथे नाही. पोटाचा धंदा सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. उलट, शेतसारा भरणारा शेतकरी आपल्या मुलांच्या शाळेचा हिशेब मागतो आहे, असे त्या सहीला वजन आले.

हेच जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव नगरपालिकेपुढे आला. त्याविरुद्ध मत देणारे जोतीराव एकटे होते. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. आम्हां कामगारांच्या दृष्टीने या गोष्टीचा एक वेगळा अर्थ आहे. ज्याची भाकरी एकाच हातातून येते, त्याला त्या हाताकडे पाहूनच बोलावे लागते. जोतीरावांचा मळा होता, दुकानदारी होती, बांधकामाचा माल होता. एक दार बंद झाले असते तरी घरातली चूल विझली नसती. त्यांचा निर्भयपणा या धंद्यांतून जन्मला असे आम्ही म्हणत नाही. तो त्यांचा स्वभाव होता. परंतु निर्भय स्वभावाच्या माणसालाही संध्याकाळी जेवावे लागते.

शिवाय धंद्याने त्यांना डोळे दिले. कंत्राटदार म्हणून ते बांधकामावर हिंडले, मजुरांत वावरले आणि सरकारी खात्यांतील माणसे गरिबाला कशी नाडतात हे त्यांनी जवळून पाहिले. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा माणूस स्वतः मळा करणारा होता. पुस्तके वाचून शेतकऱ्याची कीव करणाऱ्याच्या हातून ते पुस्तक झाले नसते.

आता दुसरी बाजू पाहू. ज्या वसंत व्याख्यानमालेची प्रथा आज गावोगाव पसरली आहे, ती पुण्यात १८७५ साली सुरू करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांचेही हात दोन डगरींवर होते. दिवसा न्यायासनावर बसावयाचे आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक सभेचे काम, अर्थशास्त्र, समाजसुधारणा आणि इतिहास यांचा उद्योग करावयाचा. एका माणसाने इतके काम केले यावर विश्वास बसत नाही. परंतु त्यांची एक अडचण होती. ते ज्या सरकारचे दोष दाखवीत, त्याच सरकारचे ते नोकर होते. १८७८ साली त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, त्यांना धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर पाळत होती, हे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

रानड्यांनी काम सोडले नाही, हा त्यांचा मोठेपणा. परंतु यातून एक धडा मिळतो. दोन पेशे असले म्हणजे माणूस आपोआप मोकळा होतो असे नाही. दोन्ही पेशांची दोरी एकाच खुंटीला बांधलेली असेल, तर खुंटीचा मालक हवी तेव्हा दोरी आखडून घेऊ शकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात या धड्याचे दोन्ही भाग दिसतात. १९१८ च्या नोव्हेंबरपासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. कॉलेज सरकारी. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा संपादक म्हणून बाबासाहेबांचे नाव देता आले नाही. पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव द्यावे लागले. मुक्यांचा नायक म्हणविणाऱ्या पत्राला आपल्या खऱ्या लेखकाचे नाव लपवावे लागावे, याहून सरकारी चाकरीवरची बोचरी टीका कोणती असेल? पुढे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली आणि जोडीला शिकवणीही केली. १९२७ च्या एप्रिलात निघालेल्या 'बहिष्कृत भारता'चे संपादक ते उघडपणे होते. मधल्या काळात, १९२६ साली, 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा बॅरिस्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. येथे पोटाचा पेशाच चळवळीचे हत्यार झाला. अशी जोडी जमली म्हणजे माणसाचे बळ दुप्पट होते.

आता आमच्या घरातल्या माणसाकडे येऊ. नारायण मेघाजी लोखंडे यांना आम्ही कामगार घरातलेच मानतो. त्यांचा जन्म १८४८ चा. आरंभी रेल्वेच्या आणि टपालाच्या खात्यांत नोकरी, मग मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत कोठारावर काम. कोठारावरचा माणूस फार पाहतो. माल किती आला, किती गेला, कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय कापले, हे सारे त्याच्या वहीसमोरून जाते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र १८८० साली लोखंड्यांनी मुंबईत आपल्या हाती घेतले. कोठारात पाहिलेले आता छापखान्यात बोलू लागले.

१८८४ च्या सप्टेंबरात मजुरांच्या सभा झाल्या आणि 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी राहिली. मागण्या ऐका : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याला भरपाई. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आजच्या अर्थाने ही युनियन नव्हती. सभासदांची वर्गणी नव्हती, निधी नव्हता, घटना नव्हती. मग सहा वर्षे हा प्रश्न जिवंत कशाने राहिला? 'दीनबंधु'ने. अध्यक्षाच्या हाती पत्र होते, म्हणून संघटनेला आवाज होता. संपादकाच्या पाठीशी मजूर होते, म्हणून पत्राला वजन होते. यांतले एक काम काढून घ्या, दुसरे लंगडे होईल.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी जाहीर केली. पुढल्या वर्षीच्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुटी मान्य केली आणि स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांचा, मुलांचा सात तासांचा ठरविला. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या रविवारचे महत्त्व काय? गिरणीचा कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साच्याशी बांधलेला होता, तोपर्यंत त्याला एकच पेशा होता आणि एकच ओळख होती. सुटीच्या दिवशी तो भजनी झाला, पहिलवान झाला, शाहीर झाला, रात्रशाळेचा विद्यार्थी झाला. नारायण सुर्वे मुंबईत शाळेचे शिपाई असताना कविता लिहीत होते. पुढे परीक्षा देऊन ते शिक्षक झाले आणि १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आले. माणूस दुसरा पेशा धरतो तो सवडीत. आणि कामगाराला सवड कोणी दान दिलेली नाही, ती झगडून घ्यावी लागली आहे. आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. आठ तासांचा लढा आणि दोन पेशे यांत वैर नाही. पहिल्याशिवाय दुसरे शक्यच नाही.

उरलेले अर्धे उत्तर आमच्या गावाकडे आहे.

मुंबईची गिरणी उभी राहिली ती मोठ्या प्रमाणावर कोकणच्या आणि घाटावरच्या माणसांच्या बळावर. हा माणूस गिरणीत आला, पण त्याने गावची खाचरे सोडली नाहीत. बायको-मुले, म्हातारे आईबाप गावी. हा मुंबईत गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर. लावणीला रजा, कापणीला रजा, गणपतीला आणि शिमग्याला रजा. तो गावी गेला की साच्यावर बदली कामगार उभा राही. साहेब लोक कुरकुर करीत की हा माणूस ना धड शेतकरी, ना धड कामगार. परंतु १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने मुंबईच्या गिरण्यांचा संप चालला, तो या 'ना धड' माणसानेच चालविला. संपाच्या काळात हजारो कामगार गावी गेले. शेताने त्यांना श्रीमंत केले नाही; शरण जाण्याची घाई तेवढी त्यांना करावी लागली नाही.

आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना कसे विसरता येईल? घरचे सारे आवरून दहा-वीस माणसांचे डबे करणारी बाई हिशेबनीस, स्वयंपाकीण आणि सावकार असे तिहेरी काम करी. संप झाला की उधारी वाढे, तरी ती भाकरी थापीत राही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोवर त्यांच्या कामाला कोणी पेशा म्हणतही नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आमचे वडील साचेखात्यात होते. आम्ही तेव्हा शाळेत. उन्हाळ्यात वडील आम्हां सर्वांना घेऊन गावी गेले. दोन लहान खाचरे होती. त्यांवर वर्षाचा तांदूळही पुरता होत नसे. तरी कोणाच्या दारी हात पसरावा लागला नाही. आमच्या चाळीत शेजारी एक कुटुंब होते. त्यांना गावी वावभर जमीन नव्हती. त्यांनी आधी भांडी विकली, मग खोली विकली. दोघेही बाप तितकेच कामसू, तितकेच संपाशी इमानी. फरक दोन खाचरांचा होता.

ही गोष्ट सांगून आम्ही थांबलो, तर अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. पहिली गोष्ट अशी की, हे दुसरे साधन सर्वांच्या वाट्याला आले नव्हते. अस्पृश्य मानलेल्या कामगाराला गावी बहुधा जमीन नव्हती, आणि गिरणीत जास्त पगाराच्या साचेखात्यात त्याला शिरकाव नव्हता. कारण बाबीनचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. दोन्ही डगरी त्याच्या हातापासून दूर ठेवलेल्या होत्या. त्याला कोणी 'दुसरा धंदा धर' असे सांगणे ही थट्टाच झाली असती.

दुसरी गोष्ट अशी की, कामगाराच्या शेताचा लाभ मालकानेही घेतला. बायको-मुले गावच्या भातावर जगतात, म्हातारपणी कामगार गावी जातो, म्हणून पगार एका माणसाच्या पोटापुरताच दिला तरी चालते, असा तो हिशेब. शेताने कामगाराला संपात तारले आणि एरवी त्याचा पगारही दाबून ठेवला. हाताशी दुसरे साधन असलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. आपल्या दुसऱ्या कमाईकडे बोट दाखवून पहिली कमाई कमी करणारा कोणीतरी नेहमी टपलेला असतो.

आता थोडे आमचे स्वतःचे. ते सांगताना बरे वाटत नाही, पण दुसऱ्यांचे इतिहास सांगावेत आणि आपला झाकावा हे योग्य नव्हे. आम्ही सतराव्या वर्षी लेथवर उभे राहिलो. रात्रशाळेत मॅट्रिक झालो. पुढचे शिक्षण ग्रंथालयातल्या पुस्तकांवर झाले. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी युनियन, अशी बारा-तेरा वर्षे गेली. मग युनियनने आम्हांला पूर्णवेळ पगारी कार्यकर्ता केले. आम्हांला वाटले, आता सारा वेळ कामगारांचा. दोनच वर्षांत एका कारखान्यात करार व्हावयाचा होता. कायम कामगारांना चांगली वाढ मिळाली. कंत्राटी कामगारांचे नाव शेवटच्या मसुद्यातून गळले. आम्ही कार्यकारिणीच्या बैठकीत बसलो होतो. बोलावयाचे होते. घरी मुलीच्या शाळेची फी थकली होती, आणि आमच्या पगाराच्या चेकवर ज्यांची सही होई, ते समोर बसले होते. आम्ही बोललो नाही. बैठक संपली, चहा झाला. फाटकाबाहेर ती कंत्राटी मुले उभी होती. त्यांतल्या एकाने आम्हांला विचारले, "काका, आमचं काय झालं?" आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. उत्तर नव्हतेच.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही एका मित्राच्या छोट्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस लेथवर काम धरले आणि युनियनचा पगार सोडला. पदावर राहिलो, मानधन घेतले नाही. लोक म्हणाले, वय झाल्यावर हे काय खूळ? पण पुढच्या करारात कंत्राटी कामगारांचे नाव आम्ही पहिल्या पानावर घालावयास लावले आणि तसे होईपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. आम्ही काही शूर झालो नव्हतो. हाताला लेथ होता, इतकेच.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. दुसऱ्या पेशाचा खरा लाभ पैशात मोजू नये. पहिल्या पेशात ताठ मानेने 'नाही' म्हणता येणे हा त्याचा लाभ. त्याला अटी दोन. दोन्ही पेशे एकाच धन्याच्या मुठीत असू नयेत. आणि दुसऱ्या पेशाला लागणारा वेळ माणसाच्या झोपेतून आणि त्याच्या मुलांच्या वाट्यातून चोरलेला असू नये.

या दुसऱ्या अटीवर आज बोलणे भाग आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास मनाई केली होती. कामगाराचे रक्षण व्हावे, थकल्या हाताने तो यंत्रापुढे उभा राहू नये, हा त्यामागचा हेतू. आज आम्ही पाहतो, दिवसा इमारतीच्या दारावर पहारा करणारा तरुण रात्री मोटारसायकलवरून लोकांची जेवणे पोहोचवितो. त्याचे कौतुक करणारे म्हणतात, पाहा, किती उद्योगी पिढी! आम्ही त्याला विचारले, "दोन कामे का करतोस?" तो म्हणाला, "एकात भागत नाही." बंधूंनो, हे दोन पेशे नव्हेत. एकच अपुरी मजुरी दोन ठिकाणी विभागून दिलेली आहे. जोतीरावांना मळ्याने 'नाही' म्हणण्याचे बळ दिले. या तरुणाला दोन्हीकडे 'होय' म्हणावे लागते. त्याला दुसरे काम सोड असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पहिल्या कामात त्याचे पुरते भागेल अशी मजुरी मिळवून देणे हे आमचे कर्तव्य आहे. मग संध्याकाळी तो तबला शिको, कोर्टाची पायरी चढणाऱ्यांचे अर्ज लिहो, की गावच्या खाचरात भात लावो. त्या कामाला आम्ही आनंदाने पेशा म्हणू.

आमच्या वडिलांची ती दोन खाचरे अजून आहेत. आषाढात आम्ही चार दिवस लावणीला जातो. पिकते थोडेच, आणि मजुरीचा खर्चही निघत नाही असे भाऊ म्हणतो. तरी आम्ही ती विकणार नाही.